विश्लेषण : पृथ्वी शॉ, शार्दूल ठाकूर आणि विरारची गाडी... यशात गुणवत्ता किती, नशीब किती?

नोव्हेंबर २०२४. सौदी अरेबियातील जेद्दाहमध्ये आयपीएलचा महालिलाव सुरू होता. पालघर जिल्ह्यातून पुढे आलेल्या दोन कसोटीपटूंची नावे पुकारली गेली आणि दोघांवरही कुणी बोली लावली नाही. एक विरारचा पृथ्वी शॉ, मूळ किंमत ७५ लाख. दुसरा पालघरचा शार्दूल ठाकूर, मूळ किंमत २ कोटी.

चार महिन्यांनी लखनऊ संघाचा वेगवान गोलंदाज मोहसिन खान जखमी झाला. बदली म्हणून शार्दूलला बोलावणे आले आणि हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी घेऊन तो सामनावीर ठरला. पृथ्वीला त्या हंगामात कुणी बोलावले नाही. हे नशीब म्हणायचे, मेहनत, की घरचे संस्कार? वसई-विरारमध्ये दर रविवारी मुलाला क्रिकेट शिबिरात सोडायला जाणाऱ्या पालकांसाठी हा गप्पांचा विषय नाही, खर्चाचा आहे.

दोघांची सुरुवात कुठून झाली?

पृथ्वी चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. वडिलांनी स्वतःचा व्यवसाय बाजूला ठेवला आणि मुलाला घेऊन विरारहून वांद्र्यापर्यंत लोकलने ये-जा सुरू केली. एका बाजूचे अंतर साधारण ४५ किलोमीटर. सकाळच्या विरार लोकलमध्ये मोकळ्या हाताने शिरणेही कठीण असते. तिथे किटबॅग आणि लहान मूल घेऊन चढणे काय असते, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. तेव्हा तो नुकताच १४ वर्षांचा झाला होता.

शार्दूलची अडचण आणखी मोठी होती. पालघर चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरवर आणि डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ मध्ये. त्याच्या शाळकरी वयात विरारच्या पुढे शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवरच भिस्त होती. एखादी गाडी चुकली की त्या दिवसाचा सराव गेलाच.

सरावाचा वाटा किती?

‘दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो’ हे वाक्य अनेक अकादम्यांच्या जाहिरातींत सापडते. त्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ मधील अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत संस्थेतील व्हायोलिनवादकांवर तो झाला होता. दहा हजार हा त्यातला सरासरी आकडा होता. पत्रकार माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधील पुस्तकाने त्याचा नियम करून टाकला.

पुढे ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. २०१४ मधील त्यांच्या निष्कर्षानुसार खेळाडूंच्या कामगिरीतील फरकापैकी सुमारे १८ टक्के फरक सरावाने स्पष्ट होतो. २०१६ मध्ये त्यांनी फक्त अव्वल खेळाडूंपुरता हिशेब मांडला, तेव्हा हा वाटा जेमतेम १ टक्का निघाला.

याचा अर्थ सराव निरुपयोगी, असा मुळीच नाही. त्या पातळीवर प्रत्येकानेच डोंगराएवढा सराव केलेला असतो, त्यामुळे दोघांतला फरक त्यातून कळत नाही. बारावीत ९५ टक्क्यांवरच्या मुलांना रांगेत उभे करून ‘कोण जास्त तास बसला’ विचारण्यासारखे ते आहे.

गाडीचा प्रवास कुणी वाचवला?

दोघांच्या गोष्टीत एक वळण सारखे आहे आणि कौतुकाच्या बातम्यांत ते एका ओळीत उरकले जाते. पृथ्वीच्या गुणांची चर्चा सुरू झाल्यावर शिवसेना नेते संजय पोतनीस यांनी त्याच्या कुटुंबाला सांताक्रूझच्या वाकोल्यात राहायला जागा दिली. शार्दूलला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी एका शालेय सामन्यात हेरले, आपल्या शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. याच लाड सरांनी रोहित शर्माची फी माफ करून घेतली होती. रोहितचे आई-वडील डोंबिवलीला, तो मात्र बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. लाड यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

शुभमन गिलच्या वडिलांनी तर पंजाबच्या फाजिल्का भागातील शेतावरचे घर सोडून मोहालीत बिऱ्हाड केले. म्हणजे प्रत्येक वेळी मुलाला मैदानाजवळ नेणारे कुणीतरी होते. ‘संगोपन’ म्हटले की आपल्याला शिस्त, दूध-बदाम आणि पहाटेचा गजर आठवतो. या उदाहरणांत संगोपनाचा सगळ्यात ठोस भाग हाच, की दिवसाचे तीन-चार तास गाडीत जायचे वाचले.

नशीब नेमके कुठे आले?

ऑक्टोबर २०१८, वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका. राजकोटला पृथ्वीने १३४ धावा केल्या. कसोटी पदार्पणात शतक ठोकणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. पुढच्या हैदराबाद कसोटीत शार्दूलचे पदार्पण झाले आणि पालघर जिल्ह्याचे दोन खेळाडू भारताच्या एकाच अकरात दिसले. शार्दूल १० चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला. पृथ्वी मालिकावीर झाला. त्या आठवड्यात कुणालाही विचारले असते, तर पुढची दहा वर्षे कुणाची हे सांगायला वेळ लागला नसता.

मग पासे उलटे पडत गेले. त्याच वर्षी सिडनीतील सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना पृथ्वीचा घोटा दुखावला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील प्रतिबंधित घटकामुळे ८ महिन्यांची बंदी आली. हे अनवधानाने घडल्याचा त्याचा खुलासा बीसीसीआयने मान्य केला, पण काळ गेलाच. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला त्याने ० आणि ४ धावा केल्या आणि भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. पुढच्या कसोटीत त्याच्या जागी आला गिल. २०१८ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात पृथ्वी कर्णधार असताना तो उपकर्णधार होता.

त्याच दौऱ्यात चौथ्या कसोटीपर्यंत शमी, उमेश, बुमरा, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी झाले होते. शार्दूलला दोन वर्षांनी दुसरी कसोटी मिळाली ती अशी. ब्रिस्बेनला त्याने ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरसोबत १२३ धावांची भागीदारी रचली आणि सामन्यात ७ बळी घेतले. भारताने मालिका जिंकली.

इटलीतील कटानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये संगणकावर असाच खेळ मांडला होता. १००० काल्पनिक माणसे, ४० वर्षांचे आयुष्य आणि वाटेत भेटणाऱ्या चांगल्या-वाईट घटना. वाईट घटनेने भांडवल निम्मे होई, मग गुणवत्ता कितीही असो. चांगल्या घटनेने ते दुप्पट होई, पण किती गुणवान आहात त्या शक्यतेनेच. शेवटी शिखरावर सहसा सर्वांत गुणवान माणूस सापडला नाही. मध्यम किंवा थोडी अधिक गुणवत्ता आणि भरपूर सुदैव असलेला सापडला. हे प्रारूप आहे, आयुष्य नव्हे. तरी ब्रिस्बेनच्या खेळीला ते चपखल बसते. संधी इतरांच्या दुखापतींनी आली, पण सातव्या क्रमांकाच्या आसपास येऊन ६७ धावा करायला बॅट चालावी लागतेच.

मग पृथ्वीला दुर्दैवी म्हणायचे का?

पूर्णपणे नाही. ॲडलेडनंतर त्याने विजय हजारे स्पर्धेच्या एका हंगामात ८२७ धावा केल्या, जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ केल्या. हात तेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले, तेव्हा चर्चा तंदुरुस्ती आणि शिस्तीची होती. सुरुवातीच्या काळात शार्दूलच्या वजनावरही बोलले गेले होते. पण तेव्हा तो स्थानिक क्रिकेटमध्ये होता. २०१४-१५ च्या रणजी हंगामात ४८ बळी घेईपर्यंत त्याच्याकडे फारसे कॅमेरे वळलेले नव्हते. पृथ्वीवर मात्र चौदाव्या वर्षापासून ते रोखलेले होते. एवढ्या लवकर आलेल्या प्रसिद्धीचा भार किती, याचे माप कोणत्याही अभ्यासात नाही. त्यामुळे ‘सगळे त्यानेच घालवले’ हा निकाल फार घाईचा वाटतो.

२०२५ मध्ये पृथ्वी मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या. डिसेंबरच्या लिलावात दिल्लीने त्याला ७५ लाखांत घेतले. वय तेव्हा २६.

ज्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत

या दोन गोष्टींवरून ‘विरारचा मुलगाही पोहोचतो’ असे म्हणणे सोपे आहे. पण आपण मोजतो ते पोहोचलेल्यांनाच. याच गाड्यांतून किट घेऊन गेलेली, आठवीत ‘आता अभ्यास बघू’ म्हणून थांबलेली मुले मोजायला कुठलेच धावफलक नाहीत. त्यांच्यात गुणवत्ता कमी होती, की वाकोल्यात जागा देणारे आणि बोरिवलीत ताट वाढणारे कुणी भेटले नाही, हे आज सांगता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते स्टेशनबाहेर पडले की दिसते. मोठ्या स्पर्धांची मैदाने मात्र आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क हीच राहिली. विरार-डहाणू चौपदरीकरणानंतर गाड्या वाढतील. मैदान जवळ येणार नाही, आणि शिबिराची फी भरताना पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न बहुधा हाच आहे, की सामने कुठे होतात आणि तिथे मुलाला रोज नेणार कोण.