सुराला अधिवासाचा दाखला कशाला?

गाणे ऐकणे आणि गाणाऱ्याला मत देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. किंबहुना दुसरी सुरू झाली की पहिली बंद पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पुष्कळांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा हा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांचा जिव्हाळ्याचा विषय होऊन बसला आहे. दिल्ली असो, रायपूर असो वा गुवाहाटी, बदलीच्या गावी दिवसभर परभाषेत टिपणे लिहून घरी परतलेल्या गृहस्थास संध्याकाळी चार मराठी शब्द आणि एखादा ओळखीचा अभंग कानी पडावा, याहून मोठे सुख नाही. हे सुख या स्पर्धांनी दिले, त्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती त्यांनी प्रेक्षकाच्या हाती दिलेल्या मतपत्रिकेविषयी, आणि ज्या बेहोशीने ती वापरली गेली त्या बेहोशीविषयी.

ही मतपत्रिका आरंभापासून नव्हती. १९९५ साली झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले तेव्हा निवाडा संगीतातील जाणकारांकडे असे. त्या स्पर्धेच्या पहिल्या विजेत्या संजीवनी भेलांडे होत, आणि पुढे सर्व देशाला परिचित झालेल्या श्रेया घोषाल लहानपणी याच व्यासपीठावर विजयी झाल्या. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘इंडियन आयडॉल’ आले आणि अखेरचा शब्द परीक्षकांकडून निघून मोबाइलवरून संदेश पाठवणाऱ्या प्रेक्षकांकडे गेला. मार्च २००५ मध्ये मुंबईचे अभिजीत सावंत त्या स्पर्धेचे पहिले विजेते ठरले. भिलाईचे अमित साना मागे राहिले. मराठी घरांतून आनंदीआनंद झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये ‘सा रे ग म प’च्या स्पर्धेत आसामातील सिलचरचे देबोजित साहा जिंकले, तेव्हा मात्र त्याच घरांतून निराळा सूर ऐकू आला: ‘आसामने मते ओतली, प्रांताभिमान जिंकला, गाणे हरले.’

हा न्याय कोणत्या नियमपुस्तिकेतला? सावंत जिंकले ते गुणांवर आणि साहा जिंकले ते संख्येवर, असे ठरवण्यास पुरावा काय? दोन्ही निकाल एकाच यंत्रातून बाहेर पडले होते. आम्हांस विचाराल तर सावंतांचा आवाज मोकळा आणि स्थिर होता, शब्द स्वच्छ होते. सानांच्या गळ्यात अधिक मार्दव होते. साहांच्या आवाजात भरदारपणा होता. यांपैकी कोणासही पसंत करणाऱ्या श्रोत्याशी आम्ही आनंदाने वाद घालू, कारण तो वाद गाण्याचा असेल. पण ‘तो आपला आणि हा त्यांचा’ या मुद्द्यावर वाद होऊ शकत नाही, केवळ मोजणी होऊ शकते.

ही मोजणी कोठवर जाऊ शकते ते २००७ साली दिसले. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या स्पर्धेत अखेरीस दोघे उरले: दार्जिलिंगचे प्रशांत तमांग आणि शिलाँगचे अमित पॉल. तमांग कोलकाता पोलिसांत शिपाई होते. त्यांच्यासाठी सारा दार्जिलिंगचा पहाड उभा राहिला. पॉल यांच्यामागे मेघालय उभे राहिले. सप्टेंबरात तमांग जिंकले. त्यानंतर रेडिओवरील एका निवेदकाने गोरख्यांविषयी हीन विनोद केला. निषेधाचे मोर्चे निघाले, सिलिगुडीत हिंसाचार झाला. ज्या बिमल गुरुंग यांनी तमांग यांच्या मतांसाठी पहाडात खटपट केली होती, त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. गोरख्यांची वेदना खरी होती आणि तिला वाचा फुटणे स्वाभाविक होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या सर्व गदारोळात तमांग गात कसे होते, त्यांचा वरचा षड्ज कसा लागत होता, पॉल यांनी कोणते गाणे अधिक समजून म्हटले, हे कोणी विचारले काय? दोन तरुण गाण्यास आले होते. पाहता पाहता त्यांची दोन निशाणे झाली. निशाणाला कोणी ऐकत नाही, त्यामागे चालतात.

मराठी मनुष्य यास अपवाद आहे, असा समज असणाऱ्यांनी २००८–०९ चा ‘लिटिल चॅम्प्स’चा काळ आठवावा. झी मराठीवरील त्या पर्वातील पाच मुले अखेरच्या फेरीत पोहोचली: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. अशी पाच भिन्न रसांची मुले एका वेळी एका व्यासपीठावर यावीत हा योग दुर्मीळ होय. कार्तिकीच्या खड्या, उघड्या आवाजात वारकरी भजनाच्या फडाचे बळ होते; तिला ध्वनिवर्धकाची गरज आहे असे कधी वाटले नाही. आर्याच्या गळ्यात वयाला न शोभणारी समज होती. शब्द कोठे सोडावा हे तिला आईच्या तालमीतून कळले असावे. प्रथमेश नाट्यपद म्हणू लागला की तान कोठून निघाली आणि कोठे उतरणार याचा त्यास पत्ता असे. मुग्धा सर्वांत लहान, पण तिचा सूर कधी बिचकला नाही. रोहितच्या आवाजातील धग या चौघांहून अगदी वेगळी. आमच्या कानाला त्या पाचांत आर्याचे गाणे सर्वांत परिपक्व वाटे. तथापि फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी पहिली आली म्हणून अन्याय झाला, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. तो आवाज पहिल्या क्रमांकाच्या योग्यतेचाच होता.

मग आमचे दुखणे काय? दुखणे असे, की तिला जिंकवणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो आवाज ऐकला नाही आणि तिला हरवू पाहणाऱ्यांपैकीही कित्येकांनी ऐकला नाही. आळंदी विरुद्ध पुणे, कोकण विरुद्ध मराठवाडा, असे आखाडे घरोघरी पडले. गावांची नावे संपली तेव्हा आडनावांवरून हिशेब झाले नाहीत, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. दहा-बारा वर्षांची मुले! त्यांच्या कोवळ्या खांद्यांवर जिल्हा, जात आणि साऱ्या समाजाची प्रतिष्ठा लादण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

या मोजणीची किंमत काय होती हे काळाने फार सौम्य रीतीने दाखवून दिले आहे. २०२१ साली त्याच स्पर्धेचे नवे पर्व आले तेव्हा हे पाचही जण परीक्षक म्हणून एका रांगेत बसले. तेथे कोणी पहिला नव्हता, कोणी पाचवा नव्हता. त्याआधीच्या वर्षी रोहित राऊत ‘इंडियन आयडॉल’मध्ये उपविजेते ठरले होते. लक्षावधी संदेश खर्ची घालून लावलेली ती क्रमवारी बारा वर्षेही टिकली नाही. टिकले ते पाच गळे.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की परीक्षक तरी कोठे निःपक्षपाती असतात? त्यांनाही आवडीनिवडी असतात, त्यांचेही हितसंबंध असतात. कबूल. परंतु परीक्षकाचे नाव असते, चेहरा असतो, आणि त्याला ‘का?’ असे विचारता येते. दुसरा आक्षेप असा, की जनतेचा कौल हीच लोकशाही. हा आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. ज्या राज्यकारभाराखाली सर्वांना राहावयाचे असते त्यात सर्वांना मत असते, हे योग्यच आहे. गंधार लागला की नाही हे मात्र बहुमताने ठरत नाही, जसे पुलाचे खांब पुरेसे आहेत की नाहीत हे बहुमताने ठरत नाही.

आणि लोकशाहीचाच दाखला द्यावयाचा असेल, तर या नियतकालिकाच्या वाचकवर्गापुढे तो देणाऱ्याने जरा सांभाळून द्यावा. आपल्यापैकी अनेकांनी निर्वाचन अधिकारी म्हणून मतदान केंद्रे सांभाळली आहेत. एका मनुष्याने पैसे भरून पन्नास मते टाकली तर त्या केंद्राचे आपण काय केले असते? उमेदवाराचा नातलग निवड समितीवर असला तर त्याने ते कळवून बाजूला व्हावे, ही रीत आपण पाळतो. निर्णयाची कारणे फाइलवर नोंदवलेली नसतील तर तो आदेश अपिलात टिकत नाही, हे आपण हाताखालच्या नवख्या अधिकाऱ्यास पहिल्याच आठवड्यात शिकवतो. दिवसा या तीन नियमांचे काटेकोर पालन करणारा गृहस्थ रात्री एकामागून एक संदेश धाडतो, तेही स्वतःच्या जिल्ह्याच्या उमेदवारासाठी, आणि कारण एका ओळीचेही देऊ शकत नाही! कचेरीतील न्यायबुद्धी कचेरीच्या खुंटीला टांगून घरी यावयाची असते काय? आता संदेशाच्या जागी ॲप आले आहे. साधन बदलले, दोष तोच राहिला.

याहून खेदाची गोष्ट अशी, की ही वृत्ती आपल्याच परंपरेच्या विरुद्ध आहे. महाराष्ट्राने गायकास अधिवासाचा दाखला कधी मागितला नाही. राजस्थानातून आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांच्या कोल्हापुराने आश्रय दिला. उत्तर हिंदुस्थानातील कैराना गावचे अब्दुल करीमखाँ मिरजेस राहिले आणि मिरजेचेच झाले. भीमसेन जोशी कर्नाटकातील गदगचे. त्यांनी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि पुणेकरांनी तो आपला मानला. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला स्थायिक झाले आणि मराठी श्रोत्यांनी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला. त्या पिढीच्या हाती जिल्हावार मतपत्रिका असती, तर यांतील किती जण पहिल्या फेरीत टिकते? उलट बाजूही पाहावी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून दक्षिणेत आले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय उघडले ते लाहोरास. पंजाबी श्रोत्यांनी ‘हा आमचा नव्हे’ असे म्हटले असते तर त्या महाविद्यालयाचे दार दुसऱ्याच दिवशी बंद झाले असते. परप्रांतात ज्याची ओळख त्याच्या कामावरून व्हावी अशी आपण रोज अपेक्षा करतो, त्या आपण तरी परप्रांतीय गळ्याला हे माप नाकारू नये.

मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न रुचीपुरता उरत नाही. कायद्याने या मुलांकडे थोडेफार लक्ष दिले आहे. बालमजुरीविषयक कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार बालकलावंताकडून दिवसाला ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावी लागते. उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. आपल्यातील काहींच्या मेजावर अशी प्रकरणे येत असतील. त्यांनी तास आणि ठेवी तपासाव्यात, शक्य तर चित्रणाच्या स्थळी जाऊन तपासाव्यात. परंतु दिव्यांच्या झोतात उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला ‘तुला लोकांनी नाकारले’ असे सांगितले जाते, त्या क्षणासाठी कोणत्याही नियमात कलम नाही. ते कलम प्रेक्षकानेच स्वतःपुरते लिहावयाचे आहे.

ते कसे लिहावे? आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. स्पर्धा पाहाव्यात, मुलाबाळांसह पाहाव्यात, आणि गाणे संपल्यावर घरात भरपूर वाद घालावेत. मत मात्र पाठवू नये. ज्यास राहवतच नाही त्याने आधी दोन ओळींत कारण लिहावे, आणि त्या ओळींत गाव, प्रांत अथवा आडनाव येऊ देऊ नये. आपल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवातील मुलांच्या गायनस्पर्धेत टाळ्यांच्या कडकडाटावरून निकाल लावण्याचा दूरचित्रवाणीचा कित्ता गिरवू नये. त्या गावातील एखाद्या जाणत्या बंगाली, कन्नड वा हिंदी भाषी संगीत शिक्षकास परीक्षक म्हणून बोलवावे आणि प्रत्येक मुलास त्याचे कोठे साधले, कोठे राहिले, हे शेजारी बसवून सांगण्यास विनवावे.

यामुळे वाहिन्यांचे नुकसान होईल, हे आम्हांस ठाऊक आहे. ते सोसण्यास त्या समर्थ आहेत. बदलीबरोबर घर बदलते, शेजार बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात. गावोगाव बरोबर नेता येईल असे फारच थोडे हाती उरते, आणि चांगला तयार झालेला कान हा त्यांपैकी एक आहे. तो मतपेटीत टाकून मोकळे होण्याइतके आपण श्रीमंत नाही.