आजीसोबत दा नांग

पहिला परदेश प्रवास म्हटलं की आपल्याकडे दुबई, सिंगापूर, थायलंड ही नावं ठरलेली. आमच्या घरी मात्र व्हिएतनाममधलं दा नांग ठरलं. समुद्र हवा, खर्च आवाक्यात हवा आणि फार पळापळ नको, एवढ्याच आमच्या अटी. आम्ही पाच जण होतो: आई, बाबा, धाकटा भाऊ, मी आणि ७४ वर्षांची आजी.

आजीला न्यायचं की नाही, यावर घरात महिनाभर खल चालला. काका म्हणाले, "या वयात परदेश कशाला? त्यापेक्षा काशीला न्या." आत्याला जेवणाची काळजी. आजी एकदाच बोलली, "माझी अडचण होणार असेल तर सरळ सांगा, मी लेकीकडे राहीन." बाबांनी त्याच रात्री पाचवं तिकीट काढलं. तरी धाकधूक सगळ्यांनाच होती.

समुद्रातून उगवणारा सूर्य

व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पण आजीची झोप कुठलंच घड्याळ मानत नाही. पहिल्याच दिवशी उजाडायच्या आत ती तयार होऊन बसली. हॉटेलसमोरच मी खे किनारा होता, म्हणून मी तिला घेऊन निघाले. वाटलं, किनाऱ्यावर आम्ही दोघीच असू. बघतो तर ही गर्दी! दा नांगची माणसं कामाला जाण्याआधी पोहायला येतात. आजीच्या वयाच्या बायका घोळक्याने हातपाय हलवत व्यायाम करत होत्या. एकीने आजीला हाताने खुणावलं. आजी नऊवारीत, पण तीही दोन मिनिटं हात वर-खाली करून आली.

आजीचं माहेर दापोलीजवळचं. ती म्हणाली, "सूर्य समुद्रात बुडताना जन्मभर पाहिला. वर येताना आज पहिल्यांदा बघतेय." वाळूत बांबूने विणलेल्या गोल होड्या पालथ्या घातलेल्या होत्या. मासेमार त्यातून समुद्रात जातात. त्या बघून आजी म्हणाली, "अगं, एवढी मोठी परडी!"

रस्ता कसा ओलांडायचा

इथे स्कूटर इतक्या, की रस्ता रिकामा व्हायची वाट बघितली तर संध्याकाळ होईल. हॉटेलमधल्या मुलीने युक्ती सांगितली: धावायचं नाही, मध्ये थांबायचं नाही, एकाच संथ गतीने चालत राहायचं. गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. आम्ही सगळे बिचकत होतो. आजीला मुळात धावताच येत नाही, त्यामुळे तिला हे सगळ्यात आधी जमलं.

'चाय' म्हणजे चहा नव्हे

एका पाटीवर रोमन लिपीत 'चाय' वाचून बाबा खूश झाले. आत गेल्यावर कळलं, व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, त्यामुळे अशी उपाहारगृहं बरीच आहेत. भात, टोफू, मशरूम, भरपूर पालेभाजी. आजीला भाताचं कौतुक वाटलं. मात्र साध्या हॉटेलात भाजी मागवली तरी तिच्यात माशांचा सॉस असू शकतो, म्हणून 'चाय' हा शब्द लक्षात ठेवाच.

पैशांची वेगळीच गंमत. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात, म्हणजे शंभर रुपये बदलले की तीस हजार! त्यात २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या. बाबांनी शहाळ्याला चुकून पाच लाखांची नोट दिली. विकणाऱ्या बाईने हसून ती परत केली आणि बाबांच्या पाकिटातून स्वतःच योग्य नोट शोधून घेतली.

थांबावं लागलं म्हणून

तिसऱ्या दिवशी मी सोनला जायचं होतं. ही चंपा राजांची जुनी शिवमंदिरं शहरापासून तास-सव्वा तासावर आहेत, १९९९पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण सकाळी आजीचा गुडघा सुजला. ती म्हणाली, "मला खोलीवर ठेवा, तुम्ही जाऊन या." भावाचं तोंड उतरलं. बाबा काहीच बोलेनात. जी भीती होती तेच झालं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी आईने ठरवलं: बाबा आणि भाऊ चौथ्या दिवशी पहाटे जातील, आज सगळ्यांनी शहरातलंच चाम शिल्पांचं संग्रहालय बघायचं. १९१९ साली सुरू झालेलं हे संग्रहालय छोटं आणि शांत आहे. मी सोनहून आणलेली कितीतरी शिल्पं इथेच आहेत. त्यात एक उभा गणपती आहे, हजार वर्षांहून जुना. आजीने त्याच्यासमोर चपला काढल्या आणि हात जोडले. कुणी हसलं नाही, कुणी हटकलंही नाही.

मग तिने विचारलं, "यांची पूजा आता कोण करतं?"

माहिती काढली. संग्रहालयातल्या मूर्तींची पूजा होत नाही. पण चाम लोक आजही व्हिएतनाममध्ये आहेत, आणि दक्षिणेकडे फान रांगजवळच्या जुन्या मंदिरात त्यांच्यातले हिंदू दरवर्षी काते नावाचा उत्सव करतात. मी सोनच्या मंदिरांचं १९६९च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात मोठं नुकसान झालं. तिथल्या काही मंदिरांची दुरुस्ती आपल्या पुरातत्त्व खात्याने केली, आणि त्या कामातच २०२० साली अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आजी बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. भाऊही तिच्याशेजारी येऊन बसला. दुसऱ्या दिवशी मी सोनला गेल्यावर त्याने आजीला व्हिडिओ कॉल करून प्रत्येक मंदिर दाखवलं.

जाणार असाल तर

भारतीयांना ई-व्हिसा आधी काढावा लागतो. फेब्रुवारी ते ऑगस्ट हा काळ बरा. आपल्या पावसाळ्यात तिथे बहुधा कोरडं असतं, खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ड्रॅगन पूल शनिवारी-रविवारी रात्री ९ वाजता आग आणि पाणी सोडतो, लवकर जाऊन जागा धरा. आणि घरातलं मोठं माणूस सोबत असेल तर दिवसाला एकच ठिकाण ठेवा. त्यांच्यामुळे आपण कमी बघतो हे खरं, पण जे बघतो ते बसून बघतो.

आजीचा पासपोर्ट दहा वर्षांसाठी आहे. त्याचे पैसे अजून वसूल झालेले नाहीत, असं तिने बाबांना बजावून ठेवलंय.