खुशालचेंडू

मुलाची चौकशी करावयास गेलेल्या वधूपित्याला शेजाऱ्याने 'मुलगा तसा खुशालचेंडू आहे हो' एवढेच सांगितले, की तो चहा अर्धा टाकून उठतो. मुलगा पितो असे कोणी म्हटलेले नसते, चोरी करतो असेही नसते. तरीही निकाल लागतो! इतक्या हलक्याफुलक्या शब्दाला हे वजन आले कोठून?

शब्द जोडाचा आहे. 'खुशाल' म्हणजे फारसीतला 'खुशहाल'. मराठीत 'हाल' म्हटले की कष्ट डोळ्यांपुढे येतात; मुळात हाल म्हणजे नुसती स्थिती. ज्याची स्थिती बरी तो खुशाल. शिवछत्रपतींनी 'राज्यव्यवहारकोश' करविला आणि कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण घरातला खुशाल घरातच राहिला. पत्रातून आपण खुशाली विचारीत आलो, निरोप देताना 'खुशाल जा' म्हणत आलो. त्याला कोणा मिस्किलाने आपला चेंडू जोडला. टप्पा पडला की उसळावे, उतार दिसला की घरंगळावे!

याची भावंडे पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. हौशी मनुष्य पदरचे पैसे घालून नाटक बसवितो, त्याचे कौतुक होते. 'रंगेल' म्हटले की ऐकणारा आवाज खाली आणतो. उडाणटप्पूला कामधंदा नसतो. खुशालचेंडू यांपैकी कोणीच नव्हे. तो नोकरी करतो, पंगतीत आग्रह करतो, कोजागरीला गच्चीवर रंग भरतो. फक्त उद्याचा विचार त्याच्याकडे नसतो. मुलांची फी, वाण्याची उधारी, आईचे औषध यांच्या तारखा दुसऱ्याच कोणाला पाठ असतात.

म्हणून हा शब्द कोण उच्चारतो, तिकडे लक्ष द्यावे. मित्र म्हणतात तेव्हा त्यात माया असते. थोरला भाऊ म्हणतो तेव्हा त्यात हिशेब असतो. बायको म्हणते तेव्हा ती हसत असते. पण त्या हसण्याकडे जरा निरखून पाहावे.

आणखी एक गंमत पाहा. या शब्दाला स्त्रीलिंगी रूप नाही. मजेत राहणाऱ्या बाईसाठी भाषेने 'नखरेल' ठेवला, 'उंडारते' ठेवले; प्रेमाने हसून म्हणावे असे काही ठेवले नाही. भाषा उगाच कंजुषी करीत नाही. जी माणसे घरोघरी तिला दिसली नाहीत, त्यांच्यासाठी तिने शब्द घडविला नाही, इतकेच.

खुशालचेंडूवर माझा राग मुळीच नाही. तो नसेल तर दिवाळीचा फराळ नुसता पोटात जाईल, अंगी लागणार नाही. पण चेंडूला उसळावयाचे तर खाली टणक जमीन लागते. वाचकहो, फराळाचे ताट पुढे आले, की आपल्या घरातली ती जमीन कोण, हे एकदा पाहावे आणि तिचीही खुशाली विचारावी.