‘मले’ची शिक्षा

एका परीक्षकाने तपासलेली मराठीची वही मध्यंतरी माझ्या हाती आली. यवतमाळकडच्या पोराने लिहिले होते, “बाबानं तहसीलदाराले अर्ज देला.” ‘अर्ज’ खोडून वर ‘विनंतीपत्र’, ‘ले’वर लाल फुली, दोन गुण वजा. खाली शेरा : “विद्यार्थ्याद्वारे शुद्धतेकडे लक्ष दिले गेले पाहिजे.”

वाचकहो, या शेऱ्यात एकही फारसी शब्द नाही. पण असले वाक्य मराठी आईच्या तोंडी कधी ऐकलेत? नखशिखांत इंग्रजी आहे ते!

फारसीत ‘किताब खरीदम’ म्हणजे पुस्तक घेतले, कोणते ते सांगितलेले नाही. ‘किताब रा खरीदम’ म्हटले की ते ठरावीक पुस्तक. ‘रा’ हे कर्माचे चिन्ह, आणि क्रियापदाच्या शेपटीतला ‘अम’ म्हणजे मी. मग पोथी असो वा ग्रंथ, ‘खरीदम’ बदलत नाही. आमचे क्रियापद मात्र कर्माचे तोंड पाहते : पोथी घेतली, ग्रंथ घेतला.

वऱ्हाडावर शतकानुशतके फारसी दरबारांचा अंमल होता. तो ‘अम’ मराठीत शिरला? ‘रा’ शिरला? नाही. शिरले ते शब्द, आणि तेही आमची विभक्ती लेवून. ‘तहसीलदार’मधला ‘दार’ हा ‘दाश्तन’ म्हणजे धारण करणे या धातूचा. ‘चिटणीस’मधला ‘नीस’ ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे याचा. परक्यांची क्रियापदे आम्ही नामे करून राबवली. ‘खरीदन’ची खरेदी झाली, पण तिला चालवणारे ‘करणे’ आमचेच राहिले.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला, हे मी विसरलेलो नाही. १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे माधव ज्यूलियन पुढे स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, हेही ठाऊक आहे. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. सोडायचे काय हे त्यांना कळत होते. आमच्या शुद्धिवाल्यांनी आधी शंकरपाळ्यांतला मैदा आणि ताटातली बर्फी तरी उचलावी! यवतमाळातला ‘माळ’सुद्धा ‘महाल’चा अपभ्रंश मानतात; आता जिल्ह्याचेही नाव खोडणार काय?

आणि ‘ले’चा गुन्हा कोणता? ‘तहसीलदाराला’मधला ‘ला’ जे काम करतो, तेच तो चोख करतो. ‘त्याने मला पाहिले’ हे फारसीत ‘मरा दीद’, आमचे पोर म्हणते, “त्यानं मले पायलं.” पुस्तकी मराठी त्याला जरूर शिकवा, मीही शिकवतो. पण कर्त्याला ‘द्वारे’ने बांधून ‘गेले’ला लटकवणाऱ्याने ती शिकवू नये. त्या पोराचे दोन गुण आधी परत करा.