शाळेच्या हजेरीपटाबाहेरची संसद

7 मे 2024 रोजी गोव्यातील दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदारांच्या रांगा लागल्या होत्या. गुजरातमध्येही त्याच दिवशी मतदान होते. मात्र सुरत मतदारसंघात ते झालेच नाही. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, पर्यायी उमेदवाराचाही टिकला नाही, उरलेल्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिललाच भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध विजयी घोषित झाले. सुरतच्या उत्तरेस, तापीपलीकडील कोसाडमध्ये त्या वर्षी अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींची लोकसभेसाठीची पहिली मतदानाची संधी अशी न वापरताच गेली. 'नोटा'चे बटण दाबण्याचीही सोय उरली नाही, कारण बटण असलेले यंत्रच मांडले गेले नव्हते.

या घटनेची राजकीय चिकित्सा बरीच झाली. तिचा शैक्षणिक अर्थ मात्र दुर्लक्षित राहिला. त्या निवडणुकीचा निकाल ठरला तो सूचक, छाननी आणि माघारीची मुदत या कार्यपद्धतीच्या तीन पायऱ्यांवर. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्या जेमतेम दोन ओळींत आटोपतात. लोकशाही कार्यपद्धतीवर चालत असेल, तर ती हाताळून शिकण्याची जागा हवी. युवा संसद ही अशी जागा आहे; आणि शाळेच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव नाही, त्यांना तिची गरज अधिक आहे.

हजेरीपटाबाहेरची मुले दोन प्रकारची. पालकांनी विचारपूर्वक घरीच शिकवायला घेतलेली मुले हा पहिला प्रकार. शिक्षण हक्क कायद्याने गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता दिलेली नाही. तरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांमुळे त्यांचा मार्ग निघतो. तेथे दहावीला सामाजिक शास्त्र हा ऐच्छिक विषय असल्याने राज्यघटनेचे पान न उलगडताही उत्तीर्ण होता येते. दुसरा प्रकार परिस्थितीने शाळेबाहेर गेलेल्यांचा. सुरत हे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांचे, तसेच ओडिशा आणि उत्तर प्रदेशातील यंत्रमाग कामगारांचे शहर. तेथील महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया व तेलुगू माध्यमाच्या शाळाही चालवते. तरीही स्थलांतर आणि रोजगाराच्या रेट्यात चौदा वर्षांनंतर शाळा सुटणे कठीण नसते. शिक्षण हक्काची सक्ती त्याच वयाशी संपते.

युवा संसदेची शासकीय परंपरा जुनी आहे. 1962 मध्ये मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या परिषदेने तिची शिफारस केली आणि 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत ती सुरू झाली. पण तिची रचना कायम संस्थेभोवती राहिली. 2019 मध्ये राष्ट्रीय युवा संसद योजनेचे संकेतस्थळ आले, तेव्हाही किशोर सभा नववी ते बारावीच्या आणि तरुण सभा महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठीच होती. 2024 मधील सुधारित आवृत्तीने मात्र संस्थांबरोबर नागरिकांच्या गटांना आणि वैयक्तिक सहभागालाही वाट करून दिली. शाळेचा शिक्का नसलेल्या मुलांना दार उघडले, हे या बदलाचे मोल.

दार उघडले म्हणजे आत जाता आले, असे नव्हे. वैयक्तिक सहभागाचा भर प्रश्नमंजूषेवर आहे आणि प्रश्नमंजूषा म्हणजे संसद नव्हे. गट जमवायचा तर मुले, जागा आणि कामकाज जाणणारा मार्गदर्शक लागतो. सुस्थितीतील गृहशिक्षित मुलांचे पालक ही जुळवाजुळव करू शकतील. मागावर कामाला जाणाऱ्या मुलासाठी ती कोण करणार? ग्रंथालये, पालिकेची सभागृहे आणि निवृत्त शिक्षक यांना या कामी जोडल्याशिवाय हा बदल कागदावरच राहील.

दुसरी शंका आशयाची आहे. अनेक ठिकाणी युवा संसद ही वक्तृत्व स्पर्धा होऊन बसते. पाठ केलेली भाषणे, लटका गोंधळ आणि शेवटी पारितोषिक. त्यातून काही शिकायचे तर प्रश्न खरे हवेत. कोसाडचेच उदाहरण घ्या. स्थानकावर गाडी थांबावी, हा प्रश्न केंद्राचा. पोलीस चौकीचा राज्याचा. नळाच्या पाण्याचा आणि शहर बसचा महापालिकेचा. कोणता प्रश्न कोणत्या सभागृहात विचारायचा, हे कळणे हाच नागरिकशास्त्राचा पहिला धडा. मग पुरवणी प्रश्न, दुरुस्तीची सूचना, मतविभाजन. आपली सूचना फेटाळली गेल्यावर तेथेच बसून पुढील कामकाजात भाग घेणे, हा दुसरा. घरी शिकणाऱ्या मुलाला उत्तम पुस्तके आणि जाणते पालक मिळू शकतात. विरोधी बाक मात्र घरात मिळत नाही.

गोव्याला हा विषय दूरचा वाटू नये. चाळीस सदस्यांची विधानसभा आणि रविवारच्या ग्रामसभा यांमुळे येथे सत्ता मुलांच्या नजरेच्या टप्प्यात आहे. पण ग्रामसभेचे सदस्यत्व मतदारयादीशी जोडलेले असल्याने सतरा वर्षांचे मूल तेथे प्रेक्षकच असते. शेजारच्या कर्नाटकात मुलांची 'मक्कळ ग्रामसभा' भरवली जाते. आपल्या पंचायतींनीही वर्षातून एकदा अशी सभा घ्यावी, तिचे ठराव मोठ्यांच्या ग्रामसभेपुढे ठेवावेत आणि सहभागासाठी शाळेचा नव्हे, गावातील वास्तव्याचा निकष लावावा. मतदानाची संधी अठराव्या वर्षी येते. ती हुकली तर का हुकली, हे विचारण्याची तयारी त्याआधीच व्हायला हवी.