वीर नकोत, दोर हवा

कुणी बुडत असताना दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात, तेव्हा आपण पहिल्याला बेफिकीर म्हणतो आणि दुसऱ्याला वीर. एकाला शिव्या, दुसऱ्याला हार. हे दोन शब्द वापरून झाले की पुढे काही विचारायची गरज उरत नाही. माझा राग दोन्ही शब्दांवर आहे, पण 'वीर' या शब्दावर जास्त, कारण तो पुढच्या माणसाला पाण्यात ढकलतो.

९ जानेवारी २०१६, शनिवार. वांद्र्याच्या बँडस्टँडवर गोवंडीहून आलेल्या मुली खडकांवर फोटो काढत होत्या. तीन जणी पाण्यात पडल्या. जवळच्या एका माणसाने उडी मारली. दोघी वाचल्या. तिसरी मुलगी आणि तो माणूस परत आले नाहीत. मुली मुसलमान, माणूस हिंदू. अशी गोष्ट या देशात सांगायला फार सोयीची असते, आणि ती सांगितली गेलीही. त्या माणसाचे उपकार मानायला शब्द कमी पडतील. त्याच्याबद्दल वाकडा शब्द लिहायची माझी लायकी नाही. प्रश्न त्याच्या मागे उभ्या असलेल्या शहराचा आहे. त्या क्षणी स्वतःच्या दोन हातांखेरीज त्याच्या हाताशी काय होतं?

नंतर पोलिसांनी 'नो सेल्फी झोन' ठरवले. दोष मोबाइलच्या माथी गेला. ९ जुलै २०२३ला त्याच बँडस्टँडवर फोटो काढत बसलेल्या कुटुंबातली बाई नवऱ्यादेखत लाटेने ओढून नेली.

त्या पावसाळ्यात उपनगरांनी आणखी काय पाहिलं ते आठवा. १२ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ होतं. वाकोल्याची मुलं जुहू कोळीवाड्याच्या जेट्टीवर गेली. पाच जण पाण्यात ओढले गेले, एक वाचला, चौघे गेले. १६ जुलैला, रविवारी, मार्वेच्या खाडीत मालवणीकडची पाच मुलं उतरली. दोघांना स्थानिक लोकांनी बाहेर काढलं, तिघे गेले. बारा ते सोळा वर्षांची पोरं. पाऊस सुरू झाला की चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या पोराला समुद्राखेरीज फुकटात काय मिळतं? मैदानात चिखल, तरणतलावाला फी आणि मेंबरशिप. त्याला हुल्लडबाज म्हणणं सोपं आहे.

आता समुद्राचं बघू, कारण या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते पाण्याबद्दल. बँडस्टँडला खडक आहेत. मार्वेला खाडी आणि चिखल आहे, तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह माणसाला नेतो. अक्सासारख्या वाळूच्या किनाऱ्यावर तिसराच प्रकार असतो. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट पट्टा सापडला की सगळं पाणी तिथून जोरात आत पळतं. इंग्रजीत त्याला रिप करंट म्हणतात, आपण ओढ म्हणू. तो पट्टा वरून दिसतो शांत. दोन्ही बाजूंना फेस फुटत असतो आणि मध्ये लाट फुटतच नाही, पाणी जरा गढूळ दिसतं. पोहता न येणारा माणूस, बायकोपोरांना घेऊन आलेला, नेमकी तीच जागा निवडतो: इथे लाटा कमी आहेत, इथे उतरू.

ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. जोरदार असेल तर सेकंदाला दोन मीटरच्या पुढे. ऑलिम्पिकचा पोहणाराही त्या वेगाशी फार वेळ झुंजू शकत नाही, आणि आपण अपेक्षा कुणाकडून करतो? विहिरीत पोहायला शिकलेल्या मामाकडून. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारले की तो दमतो, आणि दमला की बुडतो. त्याने अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. हे वाचायला सोपं आहे, नाकातोंडात पाणी असताना अवघड. म्हणूनच ते आधी माहीत हवं.

आता मामा उडी मारतो. बुडणारा माणूस त्या क्षणी भाचा राहिलेला नसतो. हाताला लागेल त्यावर चढून श्वास घ्यायचा, एवढंच त्याच्या शरीराला कळतं. तो मामाच्या खांद्यावर चढतो. मामा खाली जातो. मग तिसरा उडी मारतो. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक फ्रँकलिन आणि पर्न यांनी २०११ साली यावर शोधनिबंध लिहिला, वाचवायला गेलेलाच बळी ठरण्याच्या या प्रकाराला नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटना बुडणं रोखण्याच्या मोजक्या उपायांत जवळच्या लोकांना सुरक्षित बचाव शिकवणं धरते. त्यातला 'सुरक्षित' हा शब्द आपल्या बातम्यांत येतच नाही. हाताला हात धरून केलेली माणसांची साखळीही वाळू पायाखालून सरकली की एकामागून एक आत जाते.

आपलं सरकारही याच चालीचं आहे. जीव वाचवणाऱ्याला केंद्र सरकार जीवन रक्षा पदक देतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि पायरी ठरते ती वाचवणाऱ्याने स्वतःच्या जिवावर किती मोठा धोका ओढवून घेतला यावरून. काठावर पाय रोवून दोर फेकणारा आणि चौघांना ओढून काढणारा या मापात कुठे बसतो? ज्याने अक्कल वापरली त्याच्यासाठी सर्वोच्च पायरी नाही.

इथे काही वाचक म्हणतील, मग काय, बघत उभं राहायचं? नाही. आणि ज्या आईचं पोर पाण्यात आहे तिला 'थांब' सांगणारा मी कोण? ती जाणारच. भाऊ जाणारच. म्हणूनच तिच्या हाताशी तरंगणारी वस्तू आधीपासून हवी. वीस लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन, झाकण घट्ट लावलेला. दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या. रिक्षातली ट्यूब. नायलॉनचा दोर. हे फेका, ओढणी फेका, बांबू पुढे करा, जमिनीवर आडवं पडून करा. एकाने फक्त बुडणाऱ्याकडे बोट रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही, कारण लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की सापडत नाही. एकाने १०१ किंवा ११२ लावायचा. तरी जायचंच असेल तर तरंगणारं काही घेऊन जा आणि ते त्याच्या हातात द्या, आपली मान देऊ नका.

ऑगस्ट २०२०मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाजवळ चार पोरं बुडत होती. कपडे धुवायला आलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात टाकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोन गेले. तमिळनाडू सरकारने त्या तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. आपल्याकडे हा किस्सा फॉरवर्ड झाला तो 'इज्जतीची पर्वा केली नाही' म्हणून. अरे, साडी पाच-सहा मीटर लांबीचं मजबूत कापड असते, हे त्यांना सुचलं, कौतुक त्याचं करा.

आता घरचं. १ फेब्रुवारी २०१६ला, म्हणजे बँडस्टँडनंतर महिन्याच्या आत, पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरूडला गेली आणि १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. मुली जास्त होत्या. त्या वेळी आपल्यातले बुजुर्ग काय बोलत होते ते मी ऐकलं आहे. एक, तकदीर. दोन, बुडून मरणाऱ्याला शहादतीचा दर्जा आहे. तीन, हलक्या आवाजात, मुलींना पिकनिकला पाठवायचंच कशाला. पहिल्या दोन गोष्टींवर माझा वाद नाही. ज्या आईची लेक गेली तिला त्यातून सबर मिळत असेल तर कुणी हिरावून घेऊ नये. पण ती तसल्ली आईसाठी आहे. सहल नेणारे, तहसीलदार, पालिका, जमातीचे सदर यांनी तिच्या आडोशाला बसायचं कारण नाही. आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, हे तर मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र भांडण आहे. मुलगी बुडाली ती सहलीला गेली म्हणून नाही. तिला पाण्याची ओळख कुणी करून दिली नव्हती, म्हणून. आपण मुलींना पोहायला पाठवत नाही, आणि मग ओल्या कपड्यांत, ओढणी-बुरख्यासकट, त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात. मुंबई-पुण्यात जिथे तरणतलाव आहे तिथे बायकांसाठी वेगळी वेळ आणि बाई प्रशिक्षक मागा. त्यासाठी मोर्चा काढायला आपल्याला कुणी अडवलंय?

हे फक्त आपलंच नाही, हेही खरं. १५ एप्रिल २०१७ला मालवणजवळ वायरीला बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आठ विद्यार्थी असेच गेले. पण ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुहूवर आणि अक्सावर कोणाची गर्दी असते ते आपल्याला माहीत आहे. ईद चंद्रावर ठरते आणि भरतीही चंद्रावरच. अमावस्येच्या आसपास उधाण मोठं, म्हणजे रमजान ईदला आपण नेमके मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत पोरं घेऊन किनाऱ्यावर असतो. ईदच्या नमाजच्या वेळा मोहल्ल्यात बॅनरवर छापून लागतात. त्याच बॅनरवर खाली दोन ओळी भरती-ओहोटीच्या छापायला किती खर्च येतो? पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, त्या मशिदीच्या फळ्यावर का नसतात? जूनमधल्या एखाद्या जुम्याला खुतब्याआधी पाच मिनिटं इमामसाहेबांनी 'उडी मारू नका, फेका' एवढं सांगावं.

आणि पालिकेला अर्ज. जुहू-वर्सोव्यासाठी के-पश्चिम, अक्सा-मार्वेसाठी पी-उत्तर, बँडस्टँडसाठी एच-पश्चिम वॉर्ड ऑफिस. मागणी एका पानाची: किनाऱ्यावर ठरावीक अंतराने खांब, खांबावर रिंग आणि दोर, कुलूप नाही. दोर चोरीला जाईल, असं उत्तर येईल. जाईल. मग दुसरा लावायचा. जीवरक्षकांची पाळी किती वाजता संपते आणि गर्दी किती वाजेपर्यंत असते, हेही त्याच अर्जात लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांत, पुन्हा विचारा.