भाषणं यूट्यूबवर फुकट, मग टीमने वेब कॉन्फरन्सला का जायचं?

२००९ मध्ये बर्लिनच्या ‘जेएसकॉन्फ ईयू’मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस जगासमोर मांडलं. २०१८ मध्ये तिथेच त्यांनी नोडबद्दल पस्तावा वाटणाऱ्या गोष्टी सांगितल्या आणि डेनो हा नवा पर्याय आणला. दोन्ही भाषणं यूट्यूबवर फुकट आहेत.

मग तिकीट कशाला काढायचं?

कारण नवं तंत्रज्ञान टीमला मिळून वापरायचं असतं. एकटा गेलेला डेव्हलपर उत्साहाने परततो, पण ऑफिसात सगळ्यांना पटवता पटवता थकतो. सहकारी सोबत असले, की ‘आपल्या प्रोजेक्टला हे झेपेल का?’ हा वाद चहाच्या रांगेतच रंगतो. शंका थेट वक्त्यालाच विचारता येते.

पण ज्युनिअरला स्वखर्चाने, सुट्टी टाकून जाणं परवडत नाही. निर्णयाचा फायदा कंपनीला होणार असेल, तर तिकीटही कंपनीनेच काढायला हवं.